आखूड हात वर

लिफ्टमध्ये नोटीस लागली की मला कळतं, मे महिना आला. "सोसायटीच्या आवारात सुकी मासळी विकणाऱ्यांना सक्त मनाई. वास पसरतो. कमिटीच्या हुकमावरून." दरवर्षी तोच कागद, तेच प्लास्टिकचं कव्हर आणि 'सक्त'खाली मारलेल्या त्याच दोन रेघा. आमच्या बेव्हर्ली पार्कच्या मागचा नाला बाराही महिने घाण मारतो, त्याला नोटीस लागत नाही. टँकरवाला रोज सकाळी गेटसमोर डिझेलचा धूर सोडतो, त्याला सेक्रेटरी हात जोडून आत घेतात, कारण त्याच्याकडे पाणी असतं. नाकं मुरडायची ती फक्त डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईसाठी.

"मॅडम, प्लीज समझो, बास आती है," सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणाले.

"तो पंधरा मिनट नाक बंद रखो," मी म्हटलं. "मेरा काम पंधरा मिनट का है."

माझं काम खरंच पंधरा मिनिटांचं असतं, कारण माझी यादी तयार असते. पावसाळ्याची बेगमी मी एका कागदावर बसवते. बोंबील दोनशे, जवळा एक किलो, सोडे अर्धा किलो, खडेमीठ, कोकम, चिंच, काडेपेट्यांचं एक बंडल. समोर चौकोन, आणलं की चौकोनात खूण. गेटच्या बाहेर फूटपाथवर उत्तनजवळच्या पालीची बाई टोपली उतरवते आणि मी उकिडवी बसून बोंबलांची एक एक जोडी तपासते. सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकतात, त्यामुळे ते जोडीनंच सुकतात, डोकी वर, शेपट्या खाली. शेजारच्या बायका हसतात. बोंबलात एवढं काय बघते ही? त्यांना काय सांगणार. आयुष्यात मी एकच गोष्ट मन लावून शिकले होते, जोडीतले दोन्ही सरळ आहेत का ते बघणं. आणि तीच एका मे महिन्यात मला आली नाही.

त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी मीरा रोड स्टेशनजवळ एका लॅबमध्ये कामाला होते. खाली फरसाणचं दुकान, वर दोन खोल्या. एका खोलीत रक्त घ्यायचं, दुसऱ्या खोलीत आम्ही गुणसूत्रं बघायचो. आम्ही म्हणजे मी आणि सर. सर डॉक्टर होते, मालक होते आणि स्वतःच्या सहीवर त्यांचं फार प्रेम होतं. मुंबईतल्या मोठ्या लॅबमध्ये तोवर कॉम्प्युटर आले होते, गुणसूत्रं पडद्यावरच सरकवून जुळवता यायची. आमच्याकडे कात्री होती. कॅमेरा लावलेल्या सूक्ष्मदर्शकातून एका पेशीचा फोटो काढायचा, मोठा करून छापायचा, त्यातली शेहेचाळीस गुणसूत्रं एकेक करून कापायची आणि जाड कागदावर जोड्या लावून चिकटवायची. पहिली जोडी सगळ्यात मोठी, मग उतरत्या क्रमानं. माझ्यासारख्या बाईला याहून चांगली नोकरी मिळाली नसती. दिवसभर याद्या लावायच्या आणि वर पगार.

या कामाचा पहिला नियम म्हणजे आखूड हात वर. प्रत्येक गुणसूत्राला कुठेतरी कंबर असते, आवळल्यासारखी. कमरेच्या एका बाजूचा भाग आखूड असतो, दुसऱ्या बाजूचा लांब. त्यांना हात म्हणतात. कमरेला हात कसे फुटतात, हे विचारायचं नाही. आखूड हाताचं नाव पी, लांब हाताचं नाव क्यू. पी कशासाठी, तर कुठल्याशा परक्या भाषेत लहानाला पीवरून शब्द आहे. आणि क्यू कशासाठी, तर पीनंतर क्यू येतो. सरांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी गंमत केली असेल असं मला वाटत नाही.

मग पत्ते. एखादं जनुक कुठे असतं हे सांगायचं तर आधी गुणसूत्राचा नंबर, मग हात, मग कमरेपासून टोकाकडे मोजत गेलेल्या पट्ट्यांचा आकडा. रंग दिला की गुणसूत्रावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उठतात, त्यांचे हे आकडे. दोन जनुकांमधलं आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं? कमरेकडचं कोणतं, टोकाकडचं कोणतं? त्यातही काही जनुकं वरून खाली वाचायची, काही खालून वर, शेजारी शेजारी असूनही. मीरा रोडला राहणाऱ्या माणसाला हे कळायला काही अवघड नाही. इथे इमारतीला नाव असतं पण ते कुणाला माहीत नसतं, पत्ता म्हणजे अमक्या शाळेच्या मागे, तमक्या मेडिकलच्या पुढे, स्टेशनकडून आलात तर डावीकडे. स्टेशनकडून आलात तरच. काशीमीऱ्याकडून आलात तर तेच घर उजवीकडे. जागा सांगायची तर आधी तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात ते ठरावं लागतं. सर मात्र हे एखादं गुपित सांगावं तसं आवाज खाली करून सांगायचे, आणि पेशंट हात जोडायचे.

मे महिना या कामाला वाईट. पेशी काचपट्टीवर टाकायच्या तर हवा बरोबर लागते. फार कोरडी असली तर गुणसूत्रं एकमेकांवर गोळा होऊन बसतात, फार दमट असली तर विखरून पळतात. मेमध्ये खाडीकडून येणारी हवा अशी की काचेवरचा थेंब सुकायचा विसरतो. मी पंखा बंद करायचे, काचपट्टीखाली ओलं फडकं ठेवायचे किंवा काढायचे, वहीत तापमान लिहायचे. सर हातभर उंचीवरून थेंब सोडायचे आणि तो पडला की माझ्याकडे बघायचे, जणू मी टाळ्या वाजवणार होते. खोलीला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा. रंगाने माझी बोटं जांभळी व्हायची. भाजीवाली विचारायची, "ताई, शाई सांडली का?" मी सांगायचे, माणसांची गुणसूत्रं रंगवते. ती म्हणायची, "बरं. कोथिंबीर देऊ?" त्या काळात भेटलेल्या माणसांपैकी सगळ्यात शहाणी तीच होती.

आमच्याकडे यायची ती बहुतेक नवरा-बायकोची जोडपी. मूल राहत नाही, राहिलं तर टिकत नाही, म्हणून कुणीतरी डॉक्टर दोघांचं रक्त तपासायला पाठवायचा. बरोबर एक सासू. सासू हवीच. तपासणी दोघांची असली तरी सगळ्यांना एकच उत्तर हवं असायचं, दोष कुणात. रोग कोणता, उपाय काय, पुढे काय करायचं, यातलं काही नको. दोष कुणात तेवढं सांगा. मला त्या प्रश्नाची चीड यायची. आणि उत्तर नवऱ्याकडे जाणारं असलं की सरांचं मराठी अचानक इंग्रजी व्हायचं, त्याचीही चीड यायची.

पालीची फिलोमिना त्या मे महिन्यात आली. तिशीच्या आतली, काटक, हाताला मिठाने चिरा पडलेल्या. नवरा आग्नेल बोटीवर जायचा. फारच गप्प माणूस, रक्त देतानाही त्याने सुईकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. लग्नाला पाच वर्षं, चार वेळा दिवस राहिले, चारही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेलं. ही सगळी माहिती सासूने दिली, सुनेच्या समोर, सुनेला न विचारता. आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, रपोट येवदे. हिच्यात काय निघला तर वसईला हिच्या भावाच्या घरी पोचवनार. बोटी वर काढायच्या आधी ठरवायचा हाय."

पावसाळ्यासाठी बोटी वाळूवर ओढतात ते मेच्या अखेरीस. म्हणजे फिलोमिनाकडे तीन आठवडे होते. सासूने ते असं सांगितलं की जणू जाळं दुरुस्त करायला टाकायचंय.

रक्तातल्या पेशी वाढवायला तीन दिवस लागतात. मग काचपट्ट्या, रंग, फोटो, कात्री. दोघांचीही चिकटवणी मीच केली. फिलोमिनाचं सगळं सरळ निघालं. आग्नेलच्या चौथ्या जोडीत एक गुणसूत्र जरा विचित्र होतं. लांबी जोडीदाराइतकीच, कंबर जवळजवळ तिथेच, मधल्या पट्ट्याही जुळत होत्या, फक्त टोकं जुळत नव्हती. मी सरांना दाखवलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरला.

"टोकं पुसट येतातच हो, जाधवबाई. या हवेत काय अपेक्षा करणार? आखूड हात वर आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

मी कंबर बघितली. वरचा हात आखूड, खालचा लांब. नियम पाळला होता. मी चौकोनात खूण केली. सरांनी सही केली, दोन्ही रिपोर्टांवर 'नॉर्मल' असा शिक्का मारला आणि शिक्क्यावर फुंकर घातली.

रिपोर्ट घ्यायला सासू-सून दोघी आल्या. आग्नेल समुद्रावर होता. सरांनी खुर्चीत मागे रेलून जाहीर केलं, "दोघंही नॉर्मल."

सासूने विचारलं, "मंग पोरं का न्हाय ऱ्हात?"

सर म्हणाले, "असं आहे बघा, गुणसूत्रं दोघांचीही उत्तम आहेत. मग उरतं काय? गर्भ वाढतो बाईच्या पोटात. तेव्हा..." आणि त्यांनी हात हवेत असा उघडला, जणू पुढचं सगळं कुणालाही कळावं. हे कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांच्या रिपोर्टातही नव्हतं. ते फक्त वाक्य पुरं करायला म्हणून बोलले होते. पण सासूला जे हवं होतं ते मिळालं. तिने पदर खोचला.

फिलोमिना दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसली होती. स्वतःचा तिने बघितलाही नाही. नवऱ्याचा मात्र निरखून बघत होती, ओळीने, बोट फिरवत. चौथ्या जोडीवर बोट थांबलं.

"यो एक उलटा हाय," ती म्हणाली.

सर म्हणाले, "काय?"

"यो. याचा डोका खाली गेला. जोडीतल्या दुसऱ्याचा डोका पांढरा हाय, शेपटी काली हाय. याचा डोका काला, शेपटी पांढरी. उलटा टांगलाय." मग जरा लाजून म्हणाली, "आमच्या दोरीवर असा टांगला तर आई ओरडंल."

सर हसले. अगदी मनापासून, पोट हलवून. "अहो बाई, ही मासळी नाही. हे शास्त्र आहे. बोंबील नाहीत हे!"

मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मालक हसला की हसायचं हे कुठल्याही यादीत लिहावं लागत नाही. शिवाय तो कागद मी चिकटवला होता. आठ वर्षांत माझं एकही गुणसूत्र उलटं लागलं नव्हतं आणि एक मासे सुकवणारी बाई मला सरळ-उलटं शिकवणार? हे मी तेव्हा मनात म्हटलं, शब्दन् शब्द आठवतो.

फिलोमिनाने कागदाची घडी केली. सासू उठली. "चल. आयतवारी वसईला फोन लावते." ती आयतवारी म्हणाली म्हणजे तीन आठवडेही राहिले नव्हते. तो बुधवार होता.

त्या दिवशी घरी जाताना मी यादी केली. गहू दळायला टाकणे, लाइटचं बिल, धाकटीच्या वह्या. चौथ्या नंबरवर माझ्या हाताने लिहिलं गेलं, 'डोकं काळं, शेपटी पांढरी'. मी ते खोडलं. मग खोडलेलं परत लिहिलं. माझ्या यादीत खोडलेली गोष्ट मी एरवी परत लिहीत नाही.

गुरुवारी सर यायच्या आधी मी आग्नेलची फाईल काढली. एका माणसाच्या आम्ही वीस पेशी मोजतो, पण त्यातल्या तीन-चारच्याच गुणसूत्रांचे फोटो कापतो. मी राहिलेल्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या आणि प्रत्येक पेशीत ती चौथी जोडी शोधली. प्रत्येक पेशीत तेच. हवेने पुसली गेलेली टोकं दर वेळी त्याच तऱ्हेने पुसली जात नाहीत. मग मी फोटोची नवी प्रत काढली, बाकीची गुणसूत्रं कापून नव्या कागदावर चिकटवली आणि तो एक तुकडा सुटाच जोडीदाराशेजारी उलटा ठेवला, लांब हात वर. नियमाच्या विरुद्ध. पांढरं डोकं पांढऱ्या डोक्याशेजारी आलं, काळी शेपटी काळ्या शेपटीशेजारी. दोन्ही टोकं जागेवर बसली आणि मधला सगळा भाग उलटा दिसायला लागला, कमरेसकट.

म्हणजे झालं होतं ते असं. गुणसूत्र दोन ठिकाणी तुटलं होतं, मधला लांबच्या लांब तुकडा फिरून उलटा जोडला गेला होता. त्या तुकड्यात कंबर होती, म्हणून कंबरही सरकली, आणि पूर्वीचा आखूड हात आता लांब दिसत होता. मी लांबी बघून आखूड हात वर केला, म्हणजे प्रत्यक्षात अख्खं गुणसूत्र पायावर उभं करायचं ते डोक्यावर उभं केलं. मधला उलटा भाग त्यामुळे सरळ दिसायला लागला आणि लबाडी लपली. फिलोमिनाला हात, कंबर, पी, क्यू यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त डोकं आणि शेपटी बघितली.

अशा माणसाला स्वतःला काही होत नाही. जनुकं सगळी असतात, एकही हरवलेलं नसतं, फक्त मधल्या गल्लीतल्या घरांचा क्रम उलटा झालेला असतो. त्रास होतो तो पुढच्या पिढीला देताना. सरळ गुणसूत्र आणि उलटं गुणसूत्र एकमेकांना जुळायला बघतात, तेव्हा वेढा पडतो, त्या वेढ्यात देवाणघेवाण झाली की एक टोक दोनदा येतं आणि दुसरं टोक येतच नाही. ते मूल बहुतेक टिकत नाही. दर वेळी असं होतं असं नाही, पण होतं. चार वेळा झालं होतं.

सर आल्यावर मी फाईलमधला जुना आणि हा नवा, दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांना कळायला एक मिनिटही लागलं नाही. एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते, की ते मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर मला त्यांचा एवढा तिटकारा आला नसता.

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले. मग खिडकी लावली. "रिपोर्ट गेला ना?"

"काल गेला. बदलून द्यायला हवा. त्या मुलीला रविवारी..."

"जाधवबाई, सही केलेला रिपोर्ट परत मागवायचा म्हणजे काय होतं माहितीये? उद्या सगळे येतील, आमचाही परत बघा म्हणून. आणि तुम्हाला वाटतं नवऱ्याला हे ऐकायचंय? नवऱ्याकडे बोट दाखवलं की डॉक्टर पुढचा पेशंट पाठवत नाही."

"पण मग बायकोकडे बोट दाखवलंत ते?"

"मी कुठे दाखवलं? लिहिलंय का कुठे?"

लिहिलं नव्हतंच. हात हवेत उघडला होता फक्त.

"आणि चिकटवलं कुणी?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तुम्हीच ना?"

मी दोन्ही कागद उचलले, नवा कागद पिशवीत घातला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत थांबून वही पूर्ण केली, काचपट्ट्यांवर नंबर घातले, कपाट लावून दिलं. सोडून जायचं तरी पसारा ठेवून जाणं मला जमत नाही.

शनिवारी मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली आणि पालीच्या नाक्यावर उतरले. गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटावं लागतं. उजव्या हाताला समुद्राच्या बाजूला बांबू उभे करून दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर बोंबील, हजारो, जोडीजोडीने, सगळ्यांची डोकी वर. वाऱ्याने सगळे एकदम हलत होते. मी उभी राहून बघितलं. एकही उलटा नव्हता. आठ वर्षं जे काम मी शास्त्र म्हणून केलं ते इथे बायका बोलता बोलता करत होत्या, एकीचंही लक्ष हाताकडे नव्हतं.

बसमध्ये मी सासूला ऐकवायचे सहा मुद्दे लिहून काढले होते. पहिलाच असा होता की तिची बोलती बंद झाली असती.

घराच्या दारात पत्र्याची पेटी होती, दोरीने बांधलेली. फिलोमिना चुलीजवळ होती. आग्नेल ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्या दिवशी घरी होता, म्हणजे त्यालाही रविवारचं माहीत होतं. माझ्याकडे बघून तो उठून उभा राहिला. रिपोर्ट त्याचा, म्हणून मी कागद त्याच्या हातात दिला. कागदावर पंचेचाळीस गुणसूत्रं चिकटवलेली होती. शेहेचाळिसावं सुटं, पाकिटात. मी सांगितलं ते सगळं उभ्यानेच सांगितलं, साध्या भाषेत, हात-कंबर न करता. तो ऐकत राहिला. मग एकदाच म्हणाला, "म्हंजे तिच्यात न्हाय."

"नाही. तिच्यात काहीच नाही."

सासू आतून आली होती. "माझ्या पोरात खोट हाय बोलतेस?"

"खोट नाही, मावशी. सामान सगळं आहे. मधला भाग उलटा बसलाय एवढंच. त्याला काही होत नाही, पोरांना होतं. कधी होतं, कधी नाही होत. एखादं राहील पण."

"त्याच्यात आला कुठून?"

मी यासाठी मुद्दा लिहिला नव्हता. "बहुतेक वेळा आईकडून येतं, नाही तर बापाकडून. मागून चालत आलेलं असतं."

ती ओट्याच्या कडेला बसली. बाहेर दोरीवरचे बोंबील एकमेकांवर घासत होते, सुक्या पानांसारखा आवाज येत होता. कुणाकडेच न बघता ती म्हणाली, "याच्या आधी माझी तीन गेली. माझी सासू बोलायची, तुजा पोटच खोटा."

माझे सहा मुद्दे पिशवीत होते, ते मी बाहेर काढले नाहीत. त्या बाईला तुच्छ लेखायला मी बसभाडं खर्चून आले होते, पूर्ण तयारीनिशी. तेही धड करता आलं नाही.

तिने हात पुढे केला. मी पाकिटातला तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. डोळ्यांजवळ धरून तिने तो एकदा फिरवला आणि कागदावर, जोडीदाराच्या शेजारी, ठेवला. पांढरं डोकं वर. मला काही सांगावं लागलं नाही.

"असा," ती म्हणाली. मग आवाज नेहमीसारखा चढवून, "फिलू, बायला चा ठेव. आन् ती पेटी दारात कशाला ठेवलीस, लोकं ठेचकाळतील. माल्यावर टाक."

पेटी तिनेच ठेवायला लावली होती. आग्नेलने पेटी उचलली.

बसच्या नाक्यापर्यंत फिलोमिना सोडायला आली. वाटेत मी म्हटलं, "चिकटवताना चूक माझी झाली. सरांची नाही, माझी." चूक झाली असं म्हणणं सोपं असतं, 'माझी' हा शब्द काढायला मला अख्खी गल्ली लागली.

"कलला मला," ती म्हणाली. थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "तू पन हसलीस त्या दिशी."

"हो."

बस आली. तिने खिडकीतून कागदात बांधलेले बोंबील आत दिले, पाच-सहा जोड्या. वांद्र्याला ऑफिसला जाणाऱ्या बायकांनी रुमाल नाकाला लावले असते. त्या बसमध्ये कुणी लावले नाहीत.

ती लॅब अजून आहे. आता वर पाटी झगमगते, कात्री गेली, कॉम्प्युटर आला, नियम तोच आहे. सरांची सही आता छापील येते. मी तेव्हापासून एका शाळेच्या ऑफिसात आहे, पटावर मुलं लावते. तिथे कुणाला डोकं वर की खाली असा प्रश्न नसतो, जो तो आपापल्या पायावर उभा असतो.

आमच्या गेटवर येणारी पालीची बाई फिलोमिनाच आहे. मी तिच्या घरी जाऊन आल्यावर आणखी एकदा गेलं तिचं. मग मुलगी झाली, आता चार वर्षांची आहे, टोपलीबरोबर येते आणि वॉचमनला दरडावते. यंदा वॉचमन म्हणाला, "कमिटी का ऑर्डर है," तर ती त्याच्या खुर्चीवर चढून बसली. सेक्रेटरींना वरून दिसलं असावं, ते खाली आले नाहीत.

मी जोड्या तपासत होते. माझ्या जुन्या वहीत एक चौकोन चार वर्षं रिकामा आहे, त्यात खूण करायची राहिलीय. पुढे कधी तरी या पोरीलाही लग्न, मुलं, सासू. आधीच माहीत असलेलं बरं, असं माझ्यासारख्या माणसाला वाटणारच. मी आवाज खाली करून विचारलं, अगदी सर सांगायचे तशा आवाजात, हे विचारल्यावर माझ्या लक्षात आलं.

"हिची तपासणी केलीस का? ते उलटं-सरळं?"

फिलोमिनाने एक जोडी उचलली, तिच्या शेपट्या झटकल्या आणि माझ्या पिशवीत टाकली.

"कशाला?" ती म्हणाली. "दोरीवर टांगायची हाय का तिला?"